उपाहारगृहाचा विमा : भांडी आणि माणसे

समाजवादी कार्यकर्त्याने हॉटेलमालकाच्या विमापत्रात डोकावण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारण असे की, त्या कागदात काय लिहिले आहे यावर आचाऱ्याची, वाढप्याची आणि भांडी घासणाऱ्या बाईची पावसाळ्यातली चूल अवलंबून असते. आणि विमा निवडताना त्यांना कोणी विचारत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. त्या वर्षी सरकारने दुकानदारास जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकास १० हजार रुपये मदत जाहीर केली. एक फ्रीज आणि पीठ वाटण्याचे यंत्र बदलले की एवढी रक्कम संपते. तेव्हा पूरग्रस्त पेठेतील उपाहारगृहाला विमा टाळता येत नाही. प्रश्न आहे तो कोणता विमा, हा.

प्रत्यक्षात निवड अशी होतच नाही. कर्ज देताना बँक एक विमापत्र पुढे करते व मालक सही करतो. विम्याची रक्कम कर्जाएवढी ठेवली जाते, मालमत्तेएवढी नव्हे. आणि पैसे आले तर ते आधी बँकेच्या खात्यात जातात. समजा, हॉटेलातील सामान १० लाखांचे आहे आणि विमा ४ लाखांचा. पुरात ५ लाखांचे नुकसान झाले. मालकाला वाटते, ४ लाख मिळतील. विमाशास्त्राचा हिशेब निराळा आहे : मालमत्तेचा चार दशांश भागच विमाकृत होता, म्हणून नुकसानीचाही चार दशांश, म्हणजे २ लाख. पुरानंतर ‘कंपनीने फसवले’ अशी जी ओरड होते, तिच्यातील काही खरीही असते; परंतु बरीचशी फसवणूक या भागाकारातच दडलेली असते व ती सही करतानाच झालेली असते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. एका जागेवरील ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ते आहे. त्यात आग, पूर, दरड आणि भूकंपही येतो. (११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवणाऱ्या पाटणकरांना भूकंपाचे महत्त्व सांगायला नको.) विमा १५ टक्क्यांपर्यंत अपुरा असेल, तर वरचा भागाकार लावला जात नाही. छोट्या हॉटेलाने हेच विमापत्र नाव घेऊन मागावे. मात्र वीज गेल्यामुळे नासलेले दूध, मटण, पनीर यांची भरपाई त्यात आपोआप मिळत नाही. ती जोड वेगळी घ्यावी लागते. पूर गल्लीत आला नाही तरी वीज जाते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण भांड्यांचा आणि भिंतींचा विमा उत्तम झाला तरी माणसांचे काय? हॉटेल दोन महिने बंद राहिले तर कामगार गावी जातो, मजुरी बुडते, आणि पुष्कळदा नोकरीही. यासाठी मूळ विम्याला जोडून नफाहानीचा विमा मिळतो. नाव समाजवादी कानाला खटकणारे आहे, हे मी मान्य करतो. परंतु बंद काळातील भाडे, व्याज आणि नोकरांचे पगार त्यात अंतर्भूत करता येतात. पहिले काही दिवस सहसा वगळलेले असतात. ते वाचून घ्यावे. बड्या हॉटेलांची ही चैन आहे अशी समजूत असल्याने सांगली-कऱ्हाडचा खानावळवाला त्याची चौकशीदेखील करीत नाही. कामगार स्वयंपाकघरात भाजला तर भरपाईची जी जबाबदारी १९२३ च्या कायद्याने मालकावर टाकली, ती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही टिकून आहे. तिचाही विमा याच वेळी घ्यावयास हवा.

या विम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जागेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय नफाहानीचा विमा सामान्यतः काही देत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडून रस्ते खचले. अशा वेळी ज्याचे हॉटेल कोरडे पण गिऱ्हाईक घाटाखाली, त्याच्या हाती काय? २०२० च्या टाळेबंदीतही हेच झाले. जिथे बाजारातील विमा थांबतो तिथे बेकारभत्त्यासारखी सार्वजनिक तरतूद लागते, ही आपली जुनी मागणी येथे पुन्हा लागू पडते.

१९७३ च्या आरंभी १०७ विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन चार कंपन्या झाल्या, तेव्हा विमा खेड्यापर्यंत न्यावा हा हेतू होता. २०२१ च्या दुरुस्तीने त्यांतील ५१ टक्के सरकारी मालकीची अटही काढून टाकली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला. दुकानाच्या विम्यावर मात्र १८ टक्के वस्तू व सेवा कर कायम राहिला. पूररेषेतील लहान व्यवसायांना त्यातून सूट मिळावी, असा ठराव दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी करावा.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. एकटादुकटा हॉटेलवाला कंपनीपुढे भाव करू शकत नाही. पेठेतील चाळीस जण एकत्र गेले तर करू शकतील. त्यांना एकत्र आणताना कार्यकर्त्यांनी एकच अट घालावी : नोकरांची नावे व पगार हजेरीपत्रकावर यावेत आणि ते पगार विम्यात धरले जावेत. हजेरीपत्रकावर नावच नसलेल्या पोऱ्याचा पगार कोणताही सर्वेक्षक मान्य करणार नाही. हे सारे मे महिन्यापूर्वी व्हावे, आणि सामानाच्या पावत्यांची एक प्रत गावातल्या उंच भागातील कोणाच्या तरी घरी ठेवावी. गल्ल्याखालच्या खणातल्या पावत्या सामानाबरोबरच भिजतात.