मिस्टर कुठे आहेत?

माझी एक मामेबहीण खटाव तालुक्यात दिली आहे. लग्नाला सात वर्षे झाली तरी मूल नाही, म्हणून या काळात तिची दोनदा दुर्बिणीतून तपासणी झाली, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला, सोनोग्राफीच्या कागदांची जाडजूड फाईल झाली. शिखर शिंगणापूर झाले, औदुंबर झाले. प्रत्येक वेळी बरोबर सासूबाई. गेल्या वर्षी मायणी-विट्यावरून मीच त्यांना सांगलीला एका वंध्यत्वतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही. आधी विचारले, 'मिस्टर कुठे आहेत?'

'तो रानात गेलाय. त्याला काय झालंय?' सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्याला आणले. वीर्याची तपासणी झाली. खर्च काही शे रुपये, सुई नाही की भूल नाही. शुक्रजंतूंची संख्या फारच कमी निघाली. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही तेच.

ही एका घराची गोष्ट असती तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील दोष एकट्याने किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर कारणीभूत असतो. आपल्याकडे मात्र 'वांझ' या शब्दाला व्यवहारात पुल्लिंग नाही. डोहाळजेवणाला कोणाला बोलवायचे नाही, ओटी कोणी भरायची नाही, हे सारे नियम बाईसाठी. पुरुषाला फार तर दुसरे लग्न सुचवले जाते!

वैद्यकीयदृष्ट्या सुरुवात अगदी साधी आहे. वर्षभर नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी मिळून तज्ज्ञाकडे जावे. पत्नीच्या पाळीचा इतिहास, संप्रेरकांची तपासणी, सोनोग्राफी आणि पतीची वीर्यतपासणी एकाच वेळी सुरू व्हायला हवी. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या जोराच्या तापाचा परिणाम आजच्या अहवालात दिसू शकतो. एका कागदावर निकाल लावू नये तो यासाठी. अंडकोषातील फुगलेल्या शिरा, मोठेपणी झालेले गालगुंड, तंबाखू, दारू अशी कारणे असतात. तालमी आणि जिमच्या आपल्या या मुलखात आणखी एक सांगायला हवे. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनसारखी इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मितीच थांबवतात. ती सोडल्यावर बहुतेकांत ती परत सुरू होते, पण महिने जातात. हे आखाड्यात कोण सांगणार?

इकडे स्त्रीचे घड्याळ थांबत नाही. स्त्रीबीजांचा साठा जन्मापासून घटतच असतो आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता वेगाने उतरते. नवऱ्याची तपासणी पाच वर्षे लांबवली तर त्याची किंमत ती मोजते.

सरकारचे लक्ष बराच काळ दुसऱ्याच टोकाला होते. साताऱ्यात २००७ साली नवविवाहितांसाठी एक योजना आली. 'सेकंड हनिमून पॅकेज' या नावाने तिची देशभर चर्चा झाली. पहिले मूल दोन वर्षे लांबवल्यास पाच हजार, तीन वर्षे लांबवल्यास साडेसात हजार रुपये. कोवळ्या वयातील बाळंतपणे टळावीत हा हेतू चांगलाच होता, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ज्यांचे मूल आपोआपच लांबते त्यांच्यासाठी तेव्हा काय होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला आहे. जननदर खाली आणण्याची लढाई संपली, तरी वंध्यत्व अजून ज्याचे त्याने पाहायचे दुखणे आहे. बहुतेक आरोग्य विम्यांत ते वगळलेले असते. शेजारच्या गोव्याने २०२३ साली गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आय.व्ही.एफ. सुरू केले. आपल्याकडे खासगी केंद्रात एका आवर्तनाला दीड-दोन लाख सहज जातात, आणि ते उसाच्या बिलातून किंवा गळ्यातल्या सोन्यातून येतात.

डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या इस्पितळात, टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. या व्यवसायाला कायदा मात्र २०२१ साली मिळाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी हवी. यशाची शक्यता, धोके व खर्च समजावून सांगायला हवेत. लेखी संमती हवी. तक्रार निवारण कक्ष हवा. हे जोडप्याने मागून घ्यायचे असते. फलकावरील टक्का पाहिला की विचारावे, हा गर्भ राहिल्याचा की मूल घरी नेल्याचा? आणि आमच्या वयाच्या जोडप्यांत किती?

याच कायद्याने मुलगाच देण्याची हमी देणाऱ्याला पाच ते दहा वर्षे कैद किंवा दहा ते पंचवीस लाख दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ साली पुरलेले १९ भ्रूण सापडले, ते आठवले की ही तरतूद या पट्ट्यात किती गरजेची आहे हे कळते. नवस पाळण्याचा बोलतात, पण मनात बहुधा मुलगा असतो.

बहिणीच्या नवऱ्याने तंबाखू सोडली आहे. एकेक शुक्रजंतू स्त्रीबीजात टोचण्याची, इक्सी नावाची पद्धत डॉक्टरांनी सुचवली आहे. तिचे वय आता चौतीस आहे. तपासण्यांना तो रजा टाकल्यासारखा शेत सोडून येतो, बाकावर तिच्याशेजारी बसतो. गावात मात्र 'तिची ट्रीटमेंट चालू आहे' असेच सांगितले जाते, आणि ते ती खोडून काढत नाही.