दहा नव्हे, माशी पाहा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत एक नवी पोज आली होती. मधल्या सुट्टीत मुले डावा हात खिशात घालायची, उजव्या हातात फूटपट्टी धरायची आणि फळ्यावर नेम धरून ऐटीत उभी राहायची. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ दिकेच यांनी साधा चष्मा लावून, एक हात खिशात ठेवून १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. वय ५१. त्याच स्पर्धेचे कांस्यपदक आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना मिळाले. मुलांना मात्र खिशातला हातच आवडला.

आमची भाची तेव्हा नववीत होती. आमचे मेहुणे आखातात नोकरीला असल्याने बहीण आणि भाची आमच्याकडेच राहतात. एका रात्री जेवताना ती म्हणाली, “मामू, मला हे शिकायचंय. मोबाईलवर नाही, खरंखुरं.”

अम्मींचा हात ताटातच थांबला. “लोकांच्या मुली शिवण शिकतात, मेंदी शिकतात. ही पिस्तूल शिकणार! आपली नावं तरी बघा. उद्या कुणी फोटो काढला आणि काहीबाही लिहून पसरवला, तर कुणाकुणाला समजावत फिरणार?”

आम्ही हसण्यावारी नेले नाही. ही भीती आमच्या एकट्याच्या घरातली नाही, हे वाचकांनाही ठाऊक आहे. पण भीती खरी आहे म्हणून मुलीची इच्छा खोटी ठरत नाही. आम्ही राहतो त्या कोल्हापूर जिल्ह्याने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज देशाला दिले. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवले, तर स्वप्नीलने पॅरिसमध्ये रायफलचे कांस्य. इथल्या पोरीला नेमबाजी परकी का वाटावी?

शेवटी घरात चार अटी ठरल्या. प्रशिक्षक असलेल्या रीतसर रेंजवरच जायचे. फॉर्म, पावत्या, ओळखपत्र सगळे एका फाईलमध्ये ठेवायचे. पिस्तूल रेंजचेच वापरायचे, घरी आणायचे नाही. हातात पिस्तूल घेतलेला फोटो स्टेटसला लावायचा नाही. चौथी अट मान्य करताना भाचीने आमच्यावर पाचवी घातली. “मामू, तुम्हीपण शिकायचं. नाहीतर बाहेर बाकावर बसून पेपर वाचाल.”

अशा रीतीने पंचेचाळिशी गाठलेले आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी एकही गोळी मिळाली नाही. प्रशिक्षक मॅडमनी तासभर फक्त सुरक्षेचे धडे दिले. नळी कायम निशाण्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल खाली ठेवले की नळीत रंगीत दोरी, म्हणजे ते रिकामे आहे हे लांबूनही दिसावे. पुढे कुणी कार्ड बदलायला गेले असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. शेवटचा नियम बहिणीला फार पटला. पेलेट म्हणजे छर्रे शिशाचे असतात, म्हणून डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे.

हे पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालते, त्यात दारू नसते. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. कार्ड १७ सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण एका चपातीएवढे. त्यावर सुमारे सहा सेंटिमीटरचे काळे वर्तुळ, आणि मधोमध दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. अंतर १० मीटर आणि पिस्तूल एकाच हातात.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहिले दहा छर्रे झाडले. तीन काळ्यात, पाच पांढऱ्यात, दोन कुठे गेले ते अल्लाह जाणे. मॅडमनी विचारले, “सर, तुम्ही कुठे बघत होता?”

“दहाकडे.”

“म्हणूनच.”

समरूप त्रिकोणांचा धडा

पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या टोकाला उभा ठोकळा असतो. त्या ठोकळ्याला जुन्या लोकांपासून माशी म्हणतात. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड एका रेषेत. नवशिका हे सोडून निशाण्याकडे डोळे फाडून बघतो. आम्हीही तेच करत होतो.

घरी येऊन आम्ही वहीत हिशेब मांडला. दहावीच्या वर्गाला आम्ही समरूप त्रिकोण शिकवतो, तो धडा इथे कामाला आला. खाच आणि माशी यांच्यात सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर. निशाणा १० मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट लांब. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा निशाण्यावर ३० मिलिमीटर सरकतो. वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरच्या अंतरावर असतात, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. उलट माशी आणि खाच बरोबर जुळलेली असताना सगळा हातच पाच मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. छर्रा रेषेला नुसता लागला तरी वरचा गुण मिळत असल्याने ते दहाच राहतात.

भाचीला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे हात हलला तर चालेल, पण माशी हलली तर नाही?” बाई, तुझे प्रमेय सिद्ध झाले!

म्हणून पहिला नियम असा. नजर माशीवर. माशी स्वच्छ दिसली पाहिजे आणि निशाणा धूसर दिसला तरी हरकत नाही. काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरला तर काळ्यावर काळी माशी हरवते. त्यामुळे वर्तुळाच्या खाली थोडी पांढरी पट्टी सोडून नेम धरतात आणि छर्रा मध्यावर जाईल अशी खाच लावून घेतात. आमची आणखी एक अडचण होती. चाळिशीमुळे लांबच्या चष्म्यातून माशीही पुसट दिसायची. चष्मेवाल्याला हाताच्या लांबीचे अंतर सांगून नंबर काढून घेतला, तेव्हा पहिल्यांदा माशीची कड दिसली.

हात हलतोच

आमची दुसरी चूक ट्रिगरची. हात कुणाचाही दगडासारखा स्थिर राहत नाही. नवशिका वाट बघतो, माशी मध्याखाली आली की “आत्ता!” म्हणून ट्रिगर खेचतो, आणि त्या झटक्यानेच नेम बिघडतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे खाली डावीकडे पडू लागले, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. आमच्या कार्डाचा तो कोपरा चाळणी झाला होता.

नियमाप्रमाणे या पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढा. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर ठेवायचा आणि सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत न्यायचा. पहिला टप्पा सैल असतो, तो हात खाली आणतानाच घ्यायचा. दुसऱ्या टप्प्यात दाब वाढत असताना छर्रा आपोआप सुटला पाहिजे. त्या वेळी बाकीच्या बोटांनी मूठ आवळायची नाही. पकड घट्ट असावी, पण पहिल्या छर्‍यापासून शेवटच्यापर्यंत सारखीच.

या सवयीसाठी मॅडमनी एक साधा उपाय दिला. कार्ड उलटे लावायचे, समोर नुसता पांढरा कागद. वर्तुळ नाही, गुण नाहीत, फक्त माशी आणि ट्रिगर. पहिल्याच दिवशी आमचा चपातीएवढा पसारा पुरीएवढा झाला. तीच आमची नजर आणि तोच हात होता. मध्ये फक्त दहाची हाव नव्हती.

छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबण्याचा सरावही तितकाच उपयोगी, पण तो ज्या पिस्तुलात तशी सोय आहे त्यातच आणि रेंजवरच. आवाज झाल्यावर माशी जागची हलली का, ते पाहायचे.

पाय, खिसा आणि श्वास

खिशातल्या हाताचा उलगडा इथे झाला. मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. त्यात ऐट काही नाही, आणि त्यामागे वर्षे आहेत. २००८ च्या बीजिंगपासून दिकेच यांनी एकही ऑलिंपिक चुकवलेले नाही.

उभे राहताना पाय खांद्याएवढे फाकवायचे आणि अंग निशाण्याला आडवे ठेवायचे. मग डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे. माशी निशाण्याच्या डावी-उजवीकडे दिसली तर मनगट वळवायचे नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. मनगटाने केलेली दुरुस्ती दहा मिनिटांत थकते, पायाने केलेली टिकते.

श्वास घेत हात निशाण्याच्या वर न्यायचा, सोडत सोडत खाली आणायचा आणि अर्धवट सोडून थांबायचे. पाच ते आठ सेकंदांत छर्रा सुटला तर ठीक. दहा सेकंद झाले तर हात खाली. हे आम्हाला सगळ्यात जड गेले, कारण उचललेला हात रिकामा खाली ठेवणे म्हणजे हार वाटायची. मॅडम म्हणायच्या, “सर, खाली ठेवलेला शॉट कधी वाया जात नाही.”

आणि छर्रा सुटल्यावर लगेच मान वर करायची नाही. आणखी दोन सेकंद तसेच थांबून, माशी शेवटी कुठे दिसली ते आठवून वहीत लिहायचे, “उजवीकडे वर, आठ असावा.” मग कार्ड पाहायचे. अंदाज आणि कार्ड जुळू लागले की समजावे, आपण शिकतो आहोत. प्रत्येक छर्‍यानंतर खाच फिरवत बसू नये. पाच-पाच छर्‍यांचा पुंजका पाहावा. पुंजका लहान पण बाजूला असेल तर खाच फिरवा. पुंजका मोठा असेल तर दोष खाचेचा नाही, आपला.

घरी सराव एवढाच. पाण्याने भरलेली लिटरची बाटली डोळ्यांच्या उंचीवर सरळ हातात २० सेकंद धरायची, मिनिटभर विश्रांती घ्यायची, असे पाच वेळा. खांदा दुखला तर तिथेच थांबायचे. रेंजवर जाण्याआधीचा आमचा कडक चहा मात्र बंद झाला. हाताचा थरथराट वहीत स्पष्ट दिसत होता.

अम्मी रेंजवर

तिसऱ्या महिन्यात अम्मींची भीती खरी ठरता ठरता राहिली. एका नातेवाईक मुलाने भाचीचा रेंजवरचा फोटो कौतुकाने खानदानाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसण्याचे आणि बंदुकांचे इमोजी. दहा मिनिटांत तो दुसऱ्या ग्रुपवर गेला होता. आम्ही एकेकाला फोन करून तो काढायला लावला. कुणी वाईट हेतूने केले नव्हते, पण अम्मींना त्या रात्री झोप लागली नाही. भाची म्हणाली, “मामू, सोडून देते मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीच बुरखा घालून तयार. “चला. मला बघायचंय काय असतं ते.”

त्या मागच्या बाकावर तासभर बसल्या. पहिला छर्रा सुटला तेव्हा म्हणाल्या, “एवढाच आवाज? कुकरची शिट्टी मोठी असते!” पण हळूहळू गप्प झाल्या. मुलगी हात उचलते, थांबते, पटत नाही म्हणून खाली ठेवते, पुन्हा उचलते. घरात अर्धे वाक्य ऐकून उत्तर देणारी मुलगी इथे एका छर्‍यासाठी तीन वेळा हात खाली ठेवत होती.

परत येताना अम्मी तिला म्हणाल्या, “सुई ओवताना मीपण श्वास धरते. आणि दोऱ्याकडे बघत नाही, सुईच्या भोकाकडे बघते.” चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईने माशीचा नियम आमच्याआधी शिकून ठेवला होता. सोडून देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज भाची दहा छर्‍यांत ८५ च्या आसपास मारते आणि आम्ही ७५ वर अडलो आहोत. तिला दहावीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचे आहे. उतरेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी हा हट्ट धरला तर आधी स्वतः रेंजवर जाऊन या. प्रशिक्षक कोण, मुलींसाठी सोय कशी, सुरक्षेचे नियम पाळतात का, हे डोळ्यांनी पाहा. पिस्तूल विकत घेण्याची घाई नको, स्पर्धेची परदेशी पिस्तुले लाखाच्या घरात जातात. पुढे घ्यायचेच झाले तर कोणती कागदपत्रे लागतात ते प्रशिक्षकांना आणि पोलीस ठाण्यात आधी विचारा, आणि घरी ते कुलपात ठेवा. पहिले सहा महिने गुण विचारू नका, वही पाहायला मागा.

अम्मी अजूनही दर रविवारी आम्ही निघालो की दुआ वाचून भाचीवर फुंकर घालतात. आणि दारापर्यंत येऊन विचारतात, “फाईल घेतली का?”