दिवा लागला म्हणजे दोष सापडला असे नव्हे

खतावणीत फरक निघाला म्हणून जाणता व्यापारी मुनिमावर लगेच आळ घेत नाही. आधी पावत्या पडताळतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हीच सावधगिरी विसरली जाते.

एका किराणा व्यापाऱ्याची गाडी पेट्रोल अधिक खाऊ लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरने पी ०११८ हा संकेतांक दाखवला. तो कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. सेन्सर बदलला, बिल चुकते झाले आणि दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला. मुलगा संतापला, जुन्या मेकॅनिकशी संबंधच तोडायला निघाला. वडील म्हणाले, “आधी तपासणी, मग निवाडा.”

या सेन्सरचा विद्युत्‌रोध उष्णतेबरोबर घटतो. सर्किट तुटले तर रोध अमर्याद वाढल्यासारखा दिसतो. संगणक इंजिन गोठलेले समजतो व जादा पेट्रोल सोडतो. गाडी तापलेली असूनही स्कॅनरवर उणे ४० अंश दिसत होते. मेकॅनिकने कनेक्टर काढून त्याची दोन टोके बारीक तारेने जोडली. वायरिंग शाबूत असते, तर आकडा एकदम वरच्या टोकाला गेला असता. तो हलला नाही. दोष सेन्सरचा नव्हताच; कनेक्टरजवळची वायर वरून धड दिसत होती, पण आतले तांबे गंजून तुटले होते. वीतभर वायरीने काम भागले. आधी न तपासल्याची चूक मेकॅनिकने कबूल केली व पहिल्या कामाची मजुरी परत केली.

आकडा वर गेला असता, तर मात्र सेन्सर बदलणेच योग्य ठरले असते. ते काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. गरम कूलंट दाबाखाली असते व भाजते. नंतर कूलंटची पातळी भरून काढावी, संकेतांक पुसावा आणि सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवरील तापमान बाहेरच्या हवेइतके आहे का, ते पाहावे. तार जोडण्याची ही परीक्षा दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरतीच. इतर सेन्सरवर ती केल्यास नुकसान होऊ शकते.

संकेतांक ही तक्रार आहे, निकाल नव्हे. म्हणून गॅरेजमध्ये “काय बदलले?” याआधी “काय तपासले?” असे विचारावे. त्या एका प्रश्नाने पैसा वाचतो आणि जुना संबंधही टिकतो.