‘ती’ कोण होती?

चित्रामागची ‘ती’ कोण होती हे कळले की चित्र कळले, अशी आपल्या कलाचर्चेची दृढ समजूत आहे. आम्हांला ती मान्य नाही.

ओस्कर कोकोश्काचे ‘दी विंड्सब्राउट’ (१९१३-१४) हे तैलचित्र घ्या. त्याची कथा सर्वश्रुत आहे. संगीतकार गुस्टाव्ह मालरची विधवा आल्मा आणि तरुण कोकोश्का यांचे प्रेम व्हिएन्नात १९१२ साली जुळले, पुढे विस्कटले; १९१५ साली तिने वास्तुविशारद वाल्टर ग्रोपिउसशी विवाह केला. कोकोश्काने नंतर तिच्या रूपाची माणसाएवढी बाहुलीही करवून घेतली. एवढा ऐवज हाती आला की रसिक तृप्त होतात. चित्र पाहायचे राहूनच जाते.

आज बाझेलच्या कलासंग्रहालयात असलेल्या या चित्रात निळ्या-हिरव्या घुसळणीत दोन देह पहुडले आहेत. स्त्री पुरुषाच्या खांद्याशी शांत निजलेली आहे. तो मात्र टक्क जागा आहे. नजर तिच्याकडे नाही, हातांची बोटे आपल्याच बोटांत गुंतलेली. एकाच शय्येवरचे हे दोन एकांत आहेत. याला मिलनाचे चित्र म्हणणाऱ्यांनी ते उघडे डोळे पाहिलेलेच नाहीत. शिवाय हा दुरावा रंगांत उतरला तो ग्रोपिउसशी झालेल्या विवाहाच्या आधी. म्हणजे इथे चरित्र चित्राचा उलगडा करीत नाही. चित्रच चरित्राच्या पुढे गेले आहे. शीर्षकाचेही तेच. ‘विंड्सब्राउट’चा शब्दशः अर्थ ‘वाऱ्याची वधू’, पण जर्मन भाषेत तो वावटळीसाठीचा जुना शब्द आहे. वधू शोधणाऱ्यांना वावटळ दिसत नाही.

मग चरित्र वर्ज्यच मानायचे काय? मुळीच नाही. पण घ्यायचे तर ते पुरते घ्यावे. आल्मा स्वतः संगीतरचनाकार होती. मालरने विवाहापूर्वीच तिला रचना सोडण्याची अट घातली; तरी १९१० साली तिची पाच आणि १९१५ साली चार गीते प्रसिद्ध झाली. चित्राची कथा रंगवून सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ऐकली असतील? ‘प्रेरणा’ हा शब्द वरकरणी गौरवाचा. प्रत्यक्षात तो एका निर्मातीला दुसऱ्याच्या निर्मितीचे निमित्त करून टाकतो.

कवितेतल्या ‘तू’चा ठावठिकाणा हुडकणारी आपली समीक्षा हेच करीत आली आहे. तिच्या हाती नाव लागते आणि कविता निसटते. ज्या स्त्रीचे ते नाव असते, तीही निसटते.