रिपोर्ट चांगला, मग कावीळ कशी?

‘डॉक्टर, पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय, मग आमच्या गल्लीत कावीळ कशी?’ पावसाळ्यात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. रिपोर्ट बहुधा खरा असतो. पण त्यात पाहिलेले असतात ते ई. कोलायसारखे आतड्यातले जीवाणू. कावीळ पसरवतात ते विषाणू, आणि क्लोरीनला ते जीवाणूंपेक्षा जास्त दाद देत नाहीत.

१९५५-५६ मध्ये दिल्लीत नजफगड नाल्याची घाण यमुनेत, शहराचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचली. क्लोरीन वाढवले गेले. विषमज्वराची साथ टळली, पण काविळीचे सुमारे २९ हजार रोगी झाले! ती ‘ई’ प्रकारची कावीळ होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात.

पाण्यातला काविळीचा विषाणू थेट शोधणे खर्चाचे व किचकट. त्यावर एक सोपी वाट आहे. आपल्या आतड्यातल्या जीवाणूंनाही त्यांचे स्वतःचे विषाणू ग्रासतात. त्यांना ‘फाज’ म्हणतात. माणसाला त्यांचा उपद्रव नाही. पण मैल्याबरोबर ते गटारात येतात आणि क्लोरीनपुढे पुष्कळसे काविळीच्या विषाणूंसारखेच टिकतात. काचेच्या बशीत ई. कोलायचा थर वाढवायचा व त्यात पाण्याचा नमुना मिसळायचा. फाज असले तर दुसऱ्या दिवशी थरात जागोजाग स्वच्छ ठिपके दिसतात. ठिपके नाहीत म्हणजे पाणी शंभर टक्के निर्धोक, असे मात्र नव्हे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०१२ पासून स्पष्ट लिहिले आहे की एक लिटर पाण्यात ‘एमएस-२’ फाज आढळता कामा नये. माझ्यासमोर आलेल्या एकाही रिपोर्टात ही ओळ मी पाहिलेली नाही. नियम कागदावर आणि रोगी आमच्या दारात!

प्रत्येक विहिरीची दरमहा अशी तपासणी करा, असे माझे म्हणणे नाही. पण नळाची पाइपलाइन गटारातून गेली आहे तिथे, गळती दुरुस्त केल्यावर आणि पहिल्या पावसानंतर ती व्हायलाच हवी. पुढच्या वेळी पाण्याचा रिपोर्ट पाहाल तेव्हा नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला फाजबद्दल जरूर विचारा. तोवर टीसीएल चालू ठेवावेच, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचे पाणी खळखळ उकळी फुटेपर्यंत तापवून, त्याच भांड्यात झाकून गार करावे.