हसू आणि सुटका

विनोदामुळे मरणभयाचा घटकाभर विसर पडतो, असे मानण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. वरकरणी हा विनोदाचा गौरव वाटतो. वस्तुतः ती त्याची अवहेलना आहे.

सिग्मंड फ्रॉइडने 1927 सालच्या विनोदावरील निबंधात, सोमवारी फाशीकडे नेल्या जाणाऱ्या एका कैद्याचे उदाहरण घेतले आहे. आठवड्याची सुरुवात कशी छान झाली, याचे तो कैदी कौतुक करतो. फ्रॉइडच्या मते येथे ‘अहं’ वास्तवाकडून दुखावले जाण्याचे नाकारतो. हे मला अर्धेच पटते. कैद्याने फाशी नाकारलेली नाही. फाशी वगळली तर त्याच्या बोलण्यात विनोदच उरत नाही. जे सत्य विसरले असता विनोद संपतो, त्याचाच विसर विनोद कसा पाडील?

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (1974) या नाटकात मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो आणि जुन्याच स्मशानात दहन व्हावे म्हणून अडून बसतो. इकडे त्याच्या पत्नीचे मन मर्तिकाला जमलेल्यांपैकी एका पुरुषाकडे ओढ घेते. ही मृताची विटंबना आहे, असे कोणी म्हणेल. पण येथे हसू येते ते मृताचे नव्हे, जिवंतांनी पांघरलेल्या शोकाचे. शिवाय कीर्तनाला मरण परके कधी होते? आपले मरण आपण पाहिले, हा अनुभव तुकारामांनी अभंगातच मांडला आहे.

पळपुटा विनोदही असतो, हे मान्य. त्याची पारख सोपी आहे: हसून झाल्यावर प्रेत जागच्या जागी दिसते की नाही, एवढेच पाहावे.

हा वाद केवळ साहित्यापुरता नाही. आपल्या घरांतून मरणासन्न माणसाला त्याचा आजार सांगत नाहीत. सारे गंभीर चेहऱ्याने खोटे बोलतात. तो स्वतःच्या तिरडीविषयी थट्टा करू लागला, की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून त्याला गप्प करतात. अशा वेळी सत्यापासून पळत असतो तो थट्टा करणारा नव्हे, आपण. त्याच्याबरोबर हसण्याचे धैर्य आपल्यापाशी नसते. म्हणून तो मरणाआधीच एकटा पडतो.