गोळी तिची, जबाबदारी कोणाची?



आमच्याकडे बारशाला, ओटीभरणाला एक वाक्य हमखास कानावर येतं. "हिचं रक्त कमी निघालं, पण गोळ्याच घेत नाही हो!" सांगणारी बहुधा सासू असते, कधी आई, कधी नवरा. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. जणू रक्त कमी असणं हा त्या पोरीचा हट्टीपणाच!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. अर्ध्याहून अधिक लेकीसुना एकदम हट्टी झाल्या की काय?

सरकार १९७० पासून या गोळ्या वाटत आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी फुकट मिळते. मग अडतं कुठे?

अडतं आपल्या घरात. गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते. हे लोहामुळे होतं, घाबरू नकोस, एवढंही तिला कोणी सांगत नाही. ती जेवते सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. वर लगेच चहा, आणि चहा तर लोह अंगी लागूच देत नाही! कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळीच वावरात जाते, तेव्हा डब्यात काय बांधलं हे कोण बघतं? "गोळीने बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं" असं सांगणाऱ्याही आपणच.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायांना गरोदरपणी होणारा पांडुरोग त्यांनी अभ्यासला. त्यांनी त्या बायांना दोष दिला नाही, त्यांचं ताट पाहिलं. कमतरता आहारात होती. यीस्टचा अर्क दिल्यावर बाया सुधारल्या. त्यातला तो घटक म्हणजे फॉलिक आम्ल, आज याच लाल गोळीत लोहासोबत असतं. आपल्या मुंबईच्या बायांमुळे जगाला लागलेला शोध, आणि आपण अजून ताटाकडे बघत नाही!

शिवाय रक्त काही नऊ महिन्यांत आटत नाही. बाराव्या वर्षी पाळी सुरू होते, तेव्हापासून साठा रिकामा होत जातो. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी असते, ती तुमची नात घेते का, विचारलंत कधी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेलही आहे. ती तपासणी करून घ्याच, कारण त्यात लोह किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात.

तेव्हा सासवांनो, नवरोबांनो, तिला आधी जेवू घाला. अंबाडीच्या भाजीवर लिंबू पिळा. चहा तासाभराने द्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी द्या. आणि ७ च्या खाली आकडा असेल तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना गाठा.

एवढं केल्यावरही ती गोळी घेत नसेल, तर मग खुशाल बोला तिला. तोवर नाही.

पटत नसेल तर भांडायला या, मी आहेच!